तीन नावांची लेखिका आणि वाचनालयाची वेबसाइट

बडोद्यात दांडिया बाजाराच्या आतल्या एका गल्लीत आमचं मराठी वाचनालय आहे. खाली वाचनकक्ष, वर सभागृह, जिन्याखाली जुन्या वार्षिक अंकांची दोन लोखंडी कपाटं. तिसरीत असल्यापासून मी तिथे जातो. आता मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचा संगणक विभाग सांभाळतो, त्यामुळे वेबसाइटचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. २०२५ च्या जानेवारीत, उत्तरायण आटोपल्यानंतरच्या रविवारी, त्या एकाच विषयासाठी कार्यकारिणी बसली. साधं ब्लॉगचं सॉफ्टवेअर आपल्याला पुरेल, की पूर्ण सीएमएस, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारचा मजकूर आणि माहिती सांभाळणारी आशय-व्यवस्थापन प्रणाली, घ्यावी, हे ठरवायचं होतं. पुढच्या दहा महिन्यांत काय काय झालं ते इथे सविस्तर लिहितो आहे. छोट्या संस्था हा निर्णय बहुतेकदा दरपत्रकं शेजारी शेजारी ठेवून घेतात. आम्हीही एकदा तसाच घेतला होता आणि तो आम्हाला महागात पडला होता.

आधी दोनदा काय झालं

पहिली सोय २०१० सालची. एका सभासदाच्या मुलाने हौसेने ब्लॉगरवर पान उघडून दिलं. ब्लॉगर ही १९९९ पासूनची सेवा, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली, फुकट आहे आणि बंद पडत नाही. त्या मुलाने आणि नंतर आमच्या ग्रंथपाल ताईंनी मिळून तिथे ४३० नोंदी लिहिल्या. व्याख्यानमालेची निमंत्रणं, कोजागिरीचे फोटो, नव्या पुस्तकांची ओळख, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. सगळं एकाखाली एक, ताजं वर. मुलगा कॅनडाला गेला, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, पण ताईंना लिहिण्याचा हक्क होता म्हणून गाडी चालू राहिली.

दुसरी सोय २०१९ ची. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात झालं होतं आणि त्या दिवसांचा उत्साह अजून टिकून होता. आपलं सगळं एकाच ठिकाणी आणू, असं ठरलं. पुस्तकं, सभासद, वर्गणी, देवघेव, जुने अंक, कार्यक्रम, सगळं. एका कंपनीने पावणेदोन लाखांत ड्रुपल ७ या सीएमएसवर ते उभं करून दिलं. दिसायला देखणं होतं. एक तरुण सभासद मुलगी ते शिकली आणि मन लावून चालवू लागली. दोन वर्षांनी नोकरीसाठी ती पुण्याला गेली. त्यानंतर अद्ययावत करणं थांबलं. वर्षभराने एके दिवशी आमच्या पानांवर परदेशी औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या आणि होस्टिंगवाल्यांनी साइट बंद केली. कंपनीकडे बॅकअप मागितला तर आठ महिन्यांपूर्वीचा निघाला, आणि त्यात नुसत्या फायली होत्या, डेटाबेस नव्हता. ड्रुपल काय, ब्लॉगसाठी निघालेलं वर्डप्रेस काय, लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो. फायली म्हणजे रिकामं घर. त्या मुलीने दोन वर्षं रोज संध्याकाळी बसून भरलेल्या सहाशे नोंदी गेल्या. हे लिहितानाही मला त्रास होतो.

या गोष्टीवरून ड्रुपल वाईट, असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. ड्रुपल २००१ पासून आहे आणि मोठमोठी सरकारं, विद्यापीठं त्यावर चालतात. आमचं चुकलं ते त्या प्रणालीचा स्वभाव न ओळखण्यात. १५ ऑक्टोबर २०१४ ची हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. ड्रुपल ७ मधलं एक भयंकर छिद्र त्या दिवशी जाहीर झालं आणि त्याची दुरुस्तीही त्याच वेळी देण्यात आली. पुढे त्यांच्याच सुरक्षा पथकाने सांगितलं की, जाहीर झाल्यापासून सात तासांत ज्यांनी ती बसवली नसेल त्यांनी आपली साइट घुसखोरांच्या हाती गेली असंच धरून चालावं. आपल्या घड्याळाप्रमाणे ते सात तास रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार येतात. त्या वेळी आमच्या गल्लीत जागं कोण असतं? ज्या संस्थेकडे रात्री उठणारा पगारी माणूस आहे तिने ड्रुपल जरूर घ्यावं.

बैठक

बैठकीत दोन बाजू पडल्या. विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत ‘कलाभवना’त, शिकणारा एक विद्यार्थी आमच्याकडे येतो. त्याचं म्हणणं ड्रुपलच्या नव्या आवृत्तीवर सगळं पुन्हा उभारावं. ड्रुपल ७ चा आधार, म्हणजे त्याला दुरुस्त्या मिळणं, नेमका दोन आठवड्यांपूर्वी, ५ जानेवारी २०२५ ला, कायमचा संपला होता. ७ वरून पुढच्या आवृत्तीत जाणं म्हणजे जवळजवळ नवं बांधकाम, कारण २०१५ च्या आठव्या आवृत्तीत आतला सांगाडाच बदलला. तेव्हा जुनं काही वाचलं असतं तरी कष्ट तेवढेच पडले असते.

ग्रंथपाल ताईंचं म्हणणं उलट. “मला लिहायचं आणि बटण दाबायचं एवढं येतं. ते पंधरा वर्षं चाललं आहे. ते का मोडायचं?”

आमचे चिटणीस चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी विद्यार्थ्याला विचारलं, “अरे दीकरा, तू दोन वर्षांनी बंगळुरूला जाशील. मग कोण?” तो गप्प झाला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नव्हतं.

मध्येच कुणीतरी जूमलाचं नाव काढलं. २००५ साली माम्बो नावाच्या प्रणालीतून फुटून निघालेली ही तिसरी वाट. नाव स्वाहिली ‘जुमला’ या शब्दावरून, अर्थ ‘सगळं मिळून’. काकांना तो शब्द जुन्या जमाखर्चाच्या वह्यांतून माहीत होता, तिथेही जुमला म्हणजे एकूण बेरीजच. हा शब्द अरबीतून एकीकडे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि दुसरीकडे आपल्या दप्तरात पोचला याचं मला फार अप्रूप वाटलं. पण बडोद्यात जूमला जाणणारं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं, म्हणून ती वाट तिथेच सोडली.

त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, एवढंच ठरलं. आधी आपल्याजवळ काय काय आहे ते बघायचं.

काय काय आहे ते बघताना

पुढच्या रविवारी ताई, विद्यार्थी आणि मी सेव-उसळ मागवून वर सभागृहात बसलो. मी ताईंच्या जुन्या कॅटलॉगची कोरी कार्डं घेतली आणि वेबसाइटवर जावी अशी प्रत्येक गोष्ट एकेका कार्डावर लिहून काढली. मग प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारला: यातली तारीख पुसली तर काय उरतं?

कार्यक्रमाच्या निमंत्रणात काहीच उरत नाही. तारीख हाच त्याचा प्राण. ही ब्लॉगची वस्तू. ब्लॉगचं सॉफ्टवेअर याच एका गोष्टीसाठी जन्माला आलं, रोजनिशीसारखं, आजचं पान वर. पत्ता, वेळा, वर्गणीचे दर यांत तारखेचा संबंधच नाही. ती स्थिर पानं. ब्लॉगवर ती बाजूच्या पट्टीत कोंबलेली होती, म्हणून लोक अजून फोन करून ‘आज उघडं आहे का’ विचारायचे. वर्डप्रेसमध्येसुद्धा अशी वेगळी ‘पानं’ २००५ च्या १.५ आवृत्तीत आली, त्याआधी तीही निव्वळ रोजनिशीच होती.

पुस्तकांचं कार्ड हातात आलं तेव्हा विद्यार्थी उत्साहात आला. अकरा हजार पुस्तकं, लेखक, प्रकार, कोणाकडे आहे, कधी परत येणार. ताईंनी त्याला थांबवलं. देवघेव म्हणजे वेबसाइट नव्हे, म्हणाल्या. आणि त्यांचं खरं होतं. पुस्तक बाहेर गेलं, मुदत संपली, दंड लागला, दुसऱ्याने राखून ठेवलं, हा सगळा व्यवहार आहे. त्यासाठी ग्रंथालयाचीच सॉफ्टवेअरं असतात. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेने घडवून घेतलेलं ‘कोहा’ २००० सालापासून वापरात आहे आणि सर्वांना मोफत आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ब्लॉगमध्ये देवघेव बसत नाही हे कुणालाही कळतं. पूर्ण सीएमएसमध्ये ती बसवता येते असं वाटतं, आणि म्हणूनच २०१९ चे निम्मे पैसे तिथे गेले होते. ते कार्ड आम्ही बाजूला ठेवलं. देवघेव सध्या ताईंच्या वहीत आणि एक्सेलमध्येच राहील. वर्षभरातला सगळ्यात फायद्याचा निर्णय मी यालाच म्हणतो, आणि तो पाच मिनिटांत झाला.

उरलं एक कार्ड: जुने वार्षिक अंक. १९५२ पासूनचे, मधली काही वर्षं वगळून ५८ अंक, त्यांत साधारण १,९०० लेख, कथा, कविता. त्या दिवसाचे पुढचे तीन तास या एका कार्डाने खाल्ले.

सौ. च्या खाली सगळ्या

तारीख पुसली तर लेख उरतो, लेखक उरतो, अंक उरतो. एका अंकात तीस लेख, एका लेखकाचे दहा अंकांत दहा लेख. म्हणजे वस्तू एक नाही, तीन आहेत, आणि त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. ब्लॉगवर ताईंनी यातले दीडशे लेख आधीच चढवले होते आणि लेखकाचं नाव ‘लेबल’ म्हणून लावलं होतं. आम्ही लेबलांची यादी उघडली.

जुन्या अंकांत बायकांची नावं ‘कु.’ किंवा ‘सौ.’ लावून छापत. ताईंनी जसं छापलं तसं लेबल केलं होतं, ते योग्यच. पण त्यामुळे अकारविल्हे यादीत निम्म्या लेखिका ‘सौ.’ खाली एका गठ्ठ्यात पडल्या होत्या, आणि पुरुष ‘श्री.’, ‘प्रा.’, ‘डॉ.’ असे विखुरलेले.

खरी अडचण त्याच्या पुढची. ताईंनी एका लेखिकेची तीन लेबलं दाखवली. १९६१ ते १९६८ पर्यंत त्या माहेरच्या नावाने कथा लिहीत. मग लग्न, मग सहा वर्षं काहीच नाही. १९७४ पासून सासरच्या नावाने ललित लेख. आणि अधूनमधून टोपणनावाने कविता. तिन्ही एकच बाई, हे ताईंना ठाऊक होतं कारण त्या बाई दुपारी वाचनालयात येऊन बसायच्या. यंत्राला मात्र त्या तीन बाया होत्या, आणि ताईंनंतर जगालाही तीनच राहिल्या असत्या. लेबल म्हणजे नुसता शब्द. त्या शब्दामागे माणूस आहे हे लेबलाला सांगायची सोयच नसते.

ताई ग्रंथालयशास्त्र सयाजीराव विद्यापीठात शिकल्या. त्यांनी कार्डांचा खण ओढून दाखवला. लेखकाचं एक नाव मुख्य ठरवायचं, सगळी माहिती त्या कार्डावर. बाकीच्या नावांचीही कार्डं करायची, पण त्यांवर एवढंच लिहायचं: ‘अमुक पाहा’. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत आखली, ही कहाणी आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. पण संगणकवाले ज्याला ‘संबंध’ म्हणतात तो आमच्या जिन्याशेजारच्या लाकडी खणात सत्तर वर्षं ‘पाहा’ या एका शब्दात चालू होता, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

एवढ्यावर निर्णय व्हायचा असता तर तो पूर्ण सीएमएसच्या बाजूने झाला असता. ड्रुपलमध्ये लेखक ही स्वतंत्र वस्तू करता येते, तिला माहेरचं नाव, सासरचं नाव, टोपणनाव असे रकाने देता येतात, आणि लेख त्या वस्तूकडे बोट दाखवतो. विद्यार्थी अगदी बरोबर बोलत होता. मी त्या संध्याकाळी घरी गेलो तो त्याच्या बाजूचा होऊन.

दोन्ही करून पाहिलं

तरी मी एक आग्रह धरला की तोंडी ठरवायचं नाही. विद्यार्थ्याने आपल्या लॅपटॉपवर दोन साइटी उभ्या केल्या, एक ड्रुपलवर, एक वर्डप्रेसवर. १९६३ च्या अंकातले तेच वीस लेख ताईंनी दोन्हीकडे भरायचे. एक आठवडा.

वर्डप्रेसकडे आम्ही का वळलो ते सांगतो. २००३ च्या मे महिन्यात ते निव्वळ ब्लॉगचं सॉफ्टवेअर म्हणून निघालं. पण २०१० च्या ३.० आवृत्तीपासून त्यात नोंदींचे आपले स्वतःचे प्रकार आणि वर्गीकरणं करता येतात. त्यामुळे ब्लॉगचं सॉफ्टवेअर एका बाजूला आणि सीएमएस दुसऱ्या बाजूला ही रेघ आज पुष्कळ पुसट झाली आहे. आम्ही ‘लेख’ हा नवा प्रकार केला आणि त्याला ‘लेखक’ व ‘अंक’ अशी दोन वर्गीकरणं जोडली. रकाने न करता वर्गीकरणं केली याला कारण आहे. वर्डप्रेसमध्ये जादा रकान्यांची सगळी माहिती एकाच लांबलचक तक्त्यात जाऊन पडते आणि त्यात भरलेल्या मजकुरावरून शोधायचं झालं तर यंत्राला ओळन् ओळ चाळावी लागते. वर्गीकरणांची रचना शोधासाठीच बांधलेली असते. १,९०० लेखांना दोन्ही चाललं असतं, पण चांगली सवय लावलेली बरी.

आठवड्याने निकाल आला तो माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा होता. लेख भरायला ताईंना ड्रुपल जास्त आवडलं. “हे माझ्या कार्डासारखं आहे,” म्हणाल्या. प्रत्येक गोष्टीला आपली चौकट, चुकायला जागा नाही. वर्डप्रेसमध्ये एक मोठं मोकळं पान समोर येतं आणि लेखकाचं नाव बाजूला टिचक्या मारून निवडावं लागतं. वीसपैकी तीन लेखांना त्या लेखक लावायला विसरल्या.

मग दुसरी परीक्षा. विद्यार्थ्याने खोलीबाहेर जायचं, आणि ताईंनी कागदावरच्या सूचना वाचून दोन्ही साइटींची नवी आवृत्ती बसवायची. वर्डप्रेसचं एका बटणात झालं. तसंही छोट्या सुरक्षा-दुरुस्त्या ते २०१३ पासून आपल्या आपण बसवून घेतं. ड्रुपलसाठी काळी खिडकी उघडून आज्ञा टंकाव्या लागतात. ताईंनी चौथ्या ओळीला हात टेकले. मी स्वतः बसलो, मला अर्धा तास लागला, आणि मी या धंद्यातला माणूस आहे.

विद्यार्थ्याने रास्त शंका काढली की वर्डप्रेसलाही भोकं पडतात. पडतातच. ४.७ आवृत्तीतल्या एका छिद्रातून २०१७ च्या फेब्रुवारीत असंख्य साइटींची पानं विद्रूप झाली होती. पण त्याची दुरुस्ती २६ जानेवारीलाच निघाली होती आणि ज्यांनी आपोआप दुरुस्ती बंद केली नव्हती ते झोपेतही वाचले. आमच्यासारख्यांना हवी ती हीच सोय. वर्डप्रेसचा धोका मुख्यतः प्लगइनांत, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयींत, असतो, म्हणून आम्ही नियम केला: तीनपेक्षा जास्त प्लगइन नाहीत, आणि चौथं हवं असेल तर कार्यकारिणीत का हवं ते सांगायचं.

फेब्रुवारीच्या बैठकीत वर्डप्रेस ठरलं. रचनेत ड्रुपल सरस होतं हे मी टिपणात तसंच लिहिलं आणि ते इतिवृत्तात आहे. ज्या हातांवर साइट सोपवायची ते हात बघून आम्ही रचनेत थोडं उणं पत्करलं.

गुजरातीचा प्रश्नही याच बैठकीत सुटला. सभासदांच्या नातवंडांना, गुजराती सुनांना मराठी बोललेलं कळतं पण वाचायला गुजराती सोपं जातं. अनेक भाषांची सोय ड्रुपलच्या गाभ्यातच आहे, वर्डप्रेसला त्यासाठी प्लगइन लागतं. मोजलं तर गुजरातीत हवी होती पाचच पानं. ती हाताने वेगळी लिहिली आणि एकमेकांचे दुवे दिले.

पुढे काय काय आडवं आलं

कॅनडातल्या मुलाला फोन केला, त्याने त्याच दिवशी ताईंना ब्लॉगचं पूर्ण प्रशासन दिलं. ब्लॉगरमधून सगळ्या नोंदींची एक फाइल उतरवता येते आणि वर्डप्रेस ती उचलतं. त्या फाइलमध्ये चित्रांचे नुसते पत्ते असतात, चित्रं गूगलच्या सर्व्हरवरच राहतात. ती वेगळी उतरवून घ्यावी लागली. पंधरा वर्षांच्या कोजागिरीचे फोटो त्यात होते.

‘लेख’ हा प्रकार थीममध्ये, म्हणजे साइटच्या रंगरूपाच्या साच्यात, न लिहिता स्वतंत्र छोट्या प्लगइनमध्ये लिहिला. थीममध्ये लिहिला असता तर उद्या कुणी हौसेने रंगरूप बदलल्यावर सगळे लेख पडद्यावरून नाहीसे झाले असते. डेटाबेसमध्ये असतात, पण ते समजायला जाणता माणूस लागतो, आणि तोवर घबराट उडते. मदतीला आलेल्या दोन मुलींना आधी ‘योगदानकर्ता’ हा सगळ्यात सुरक्षित हक्क दिला. त्यात लिहिता येतं, प्रकाशित करता येत नाही, हे आम्हाला हवंच होतं. पण चित्रही चढवता येत नाही हे स्कॅन हातात घेऊन बसल्यावर कळलं. शेवटी त्यांना एक पायरी वर घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला देवनागरी वेब-पत्त्यांवर. वर्डप्रेस नोंदीच्या मथळ्यावरून तिचा पत्ता बनवतं आणि त्याला २०० जागा देतं. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, हलन्तसुद्धा, त्या पत्त्यात नऊ जागा खातं. ‘वसंत व्याख्यानमाला पुष्प’ एवढं लिहिलं की बावीस चिन्हं आणि दोन जोडरेघा मिळून नेमक्या २०० भरतात. पुढचं ‘पहिले’, ‘दुसरे’, वर्ष, वक्ता, सगळं कापलं जातं. परिणाम असा की सगळ्या पुष्पांचा पत्ता एकच, फक्त शेवटी २, ३, ४ असे आकडे. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते आणि काकांसारखी माणसं ती घाबरून उघडत नाहीत. आता ताई प्रत्येक नोंदीचा पत्ता रोमन अक्षरांत हाताने लिहितात, चार-पाच अक्षरं आणि वर्ष. हे पहिल्या दिवशी ठाऊक असतं तर ४३० पत्ते पुन्हा दुरुस्त करावे लागले नसते. मराठीत साइट काढणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

नव्वदीनंतरचे अंक श्रीलिपी या टंकजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेले होते, त्यांच्या फायलीही मिळाल्या. पण जुन्या फॉन्टांतला मजकूर म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले देवनागरी तुकडे, तो थेट चिकटवला तर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, बदलून घेतल्यावरही एक चूक पुनःपुन्हा निघत राहिली: ‘आचाऱ्यांना’ चं ‘आचार्यांना’. एका विनोदी लेखात लग्नाच्या पंगतीचे आचारी सगळे आचार्य होऊन बसले होते. तो फरक मराठी डोळ्यालाच कळतो, म्हणून प्रत्येक लेख एका माणसाने वाचायचा हे ठरलं. वेग कमी झाला, त्याला इलाज नाही. अकारविल्हे लावतानाही ‘क्ष’ ची नावं यंत्र ‘क’ मध्ये घालतं, आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. हे दोन्ही प्रश्न ड्रुपल घेतलं असतं तरी तसेच समोर आले असते.

राहिल्या तीन नावांच्या लेखिका. त्यांचं सासरचं नाव मुख्य धरलं, तिन्ही नावांचे लेख त्याखाली आले, आणि प्रत्येक लेखाच्या पहिल्या ओळीत ‘मूळ अंकात छापलेलं नाव’ दिलं. वर्डप्रेसचा साधा शोध मथळा, सारांश आणि मजकूर एवढ्यातच बघतो, वर्गीकरणाच्या वर्णनात नाही, म्हणून ती ओळ आवश्यक होती. शिवाय ताईंनी ‘लेखकसूची’ नावाचं एक साधं पान केलं आहे. त्यात कार्डांसारखंच, माहेरच्या नावापुढे ‘अमुक पाहा’. ते पान त्या हाताने सांभाळतात. ड्रुपलमध्ये हे आपोआप झालं असतं, हे विद्यार्थी मला अजून आठवण करून देतो आणि मी मान्य करतो.

आजची स्थिती

दहा महिन्यांत ५८ पैकी ३१ अंक चढले आहेत. डेटाबेस आणि फायली दोन्हींचा बॅकअप दर रविवारी एका डिस्कवर जातो. ती डिस्क वाचनालयात ठेवत नाही, काकांच्या घरी असते, तिसऱ्या मजल्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात कुठवर आलं होतं ते आम्ही पाहिलं आहे. महिन्यातून एकदा तो बॅकअप विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघतो. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास उरलेला नाही.

पासवर्ड लिहिलेलं पाकीट चिटणिसांच्या कपाटात आहे, आणि कार्यकारिणी बदलली की ते नव्या चिटणिसांनी सही करून घ्यायचं असा ठराव झाला आहे. शहरातल्या आणखी दोन-तीन मराठी संस्था आपले जुने अंक याच सूचीत आणू म्हणाल्या तर मात्र मी ड्रुपलचा विषय पुन्हा काढीन. तेव्हा लेखक अनेक संस्थांत वाटलेले असतील आणि हाताने राखलेलं सूचीचं पान पुरणार नाही. त्यासाठी एका पगारी माणसाची तरतूद आधी करावी लागेल, हेही त्याच कागदावर लिहून ठेवलं आहे.

टोपणनावांचा प्रश्न उरला आहे. कुठल्याही यादीत न सापडलेली चौदा टोपणनावं निघाली. ताईंनी ती मोठ्या अक्षरांत छापून, समोर रिकामी जागा सोडून, वाचनकक्षातल्या फलकावर लावली आहेत आणि दोऱ्याला एक पेन्सिल बांधली आहे. दुपारी वर्तमानपत्रं वाचायला येणारी जुनी माणसं त्यासमोर उभी राहतात. पाच नावांपुढे आतापर्यंत उत्तरं आली आहेत. एकापुढे दोन वेगवेगळी नावं दोन हस्ताक्षरांत आहेत, आणि ती दोघंही गुरुवारी येतात.